विज्ञानपटांचे रिमेक: दिसतात छान, पण गोष्टीचं काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यातल्या एरंडवण्यात आमचा चित्रपट पाहणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. आधी मूळ विज्ञानपट पाहायचा, मग त्याचा रिमेक, आणि मग भांडायचं, अशी आमची रीत. त्यात एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेची मुलं असतात, हिंजवडीतले आयटीवाले असतात आणि निवृत्त प्राध्यापकही असतात. माणसं बदलली तरी प्रश्न बदलत नाहीत, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. मतं माझी आहेत, निम्म्या गटाला ती मान्य नाहीत. आणि हो, खाली चित्रपटांचे शेवट सांगितलेले आहेत. नंतर तक्रार चालणार नाही.

रिमेक इतका देखणा असूनही पोकळ का वाटतो?

कारण बहुतेक वेळा मूळ चित्रपटातल्या घटना नव्यात येतात, पण त्यातली शंका मागेच राहते.

आमच्याकडे सर्वांत जास्त आवाज चढतात ते 'टोटल रिकॉल'वरून, तेव्हा तेच उदाहरण घेऊ. फिलिप के. डिक यांची कथा १९६६ची. त्यावर पॉल व्हरहोवन यांनी १९९०मध्ये चित्रपट केला आणि लेन वाइजमन यांनी २०१२मध्ये तो पुन्हा केला. दोन्हींचा सांगाडा एकच आहे. एक साधा कामगार खोट्या आठवणी विकणाऱ्या दुकानात जातो. पुढे जे घडतं ते खरं, की त्याने पैसे मोजून घेतलेलं स्वप्न, हे ना त्याला कळत ना आपल्याला.

१९९०च्या चित्रपटात मंगळावरच्या हॉटेलच्या खोलीत एक डॉक्टर येतो. अगदी शांतपणे सांगतो, की बाबा रे, तू इथे नाहीसच, तू अजून त्या दुकानातल्या खुर्चीत पडलेला आहेस, ही गोळी घे आणि जागा हो. नायक जवळजवळ पटतो. तेवढ्यात त्याला डॉक्टरच्या चेहऱ्यावरून ओघळणारा घामाचा थेंब दिसतो. हा घाबरलाय, म्हणजे हा खरा आहे, असं ठरवून तो गोळी झाडतो. आता बघा, स्वप्नातल्या माणसाला घाम येऊ नये असा काही नियम आहे का? नायकाने पुराव्यावर नाही, अंदाजावर माणूस मारला. त्यातच आधी दुकानातला तंत्रज्ञ त्या स्वप्नाच्या नावात 'मंगळावर निळं आकाश' आहे असं बोलून गेलेला असतो, आणि शेवटी मंगळाचं आकाश खरोखर निळं होतं. घरी जाताना आपण गाडी चालवत त्याचाच विचार करत बसतो.

२०१२मध्ये हाच प्रसंग आहे. नायकाभोवती पोलिसांचा गराडा, समोर त्याचा मित्र तेच सांगतोय, शेजारी नायिका. या वेळी नायिकेच्या गालावर अश्रू ओघळतो, आणि नायक मित्राला गोळी घालतो. घामाच्या जागी अश्रू आला. सिनेमात सुंदर बाईच्या डोळ्यातला अश्रू खोटा असेल असं फार कमी प्रेक्षक मानतात. त्यामुळे शंका तिथेच संपते आणि पुढे उरतो नुसता पाठलाग. शेवटाकडे ती पुन्हा पेरायचा थोडा प्रयत्न होतो, पण तोवर आपण कुणाच्या बाजूचे हे ठरवून बसलेले असतो.

यात कॅमेऱ्याचा, सेटचा किंवा संगणकावरच्या कामाचा काडीचाही दोष नाही, हे लक्षात घ्या. दोष लिहिणाऱ्यांनी कुठला थेंब निवडला त्याचा आहे.

म्हणजे २०१२च्या चित्रपटाची दृश्यशैली चांगली होती?

कारागिरी उत्तम होती. कलादिग्दर्शन पॅट्रिक टाटोपुलोस यांचं. एकावर एक लटकलेली घरं, खाली पाणी, वर बाल्कन्यांची गर्दी. थांबून पाहावं असं शहर आहे. माझी तक्रार दुसरीच आहे. ते शहर उसनं आहे. पाऊस, निऑन, आशियाई लिपीतल्या पाट्या हे सगळं रिडली स्कॉट यांच्या १९८२च्या 'ब्लेड रनर'मध्ये आलेलं होतं, आणि तोही डिक यांच्याच लेखनावरचा चित्रपट. तेव्हापासून भविष्यातल्या गरिबांच्या नशिबी कायमचा पाऊस आला. पुण्यात जुलै काढलेल्या माणसाला त्यात भविष्य दिसत नाही, सिंहगड रोड दिसतो.

पण एक कल्पना मात्र त्यांची स्वतःची होती आणि ती फार मोठी होती: 'द फॉल'. पृथ्वीच्या पोटातून आरपार जाणारी लिफ्ट. ऑस्ट्रेलियातली गरीब वसाहत एका टोकाला, श्रीमंत ब्रिटन दुसऱ्या टोकाला, आणि मजूर रोज पृथ्वीतून पडत कामाला जातात, पडतच परत येतात. मध्यावर गुरुत्व उलटतं. एका यंत्रात संपूर्ण समाजव्यवस्था आली! रोज या लिफ्टने जाणाऱ्या माणसाला त्या उलट्या क्षणी काय होतं? नवखा ओकतो का? जुने लोक झोप काढतात का? डबा सांडू नये म्हणून काय करतात? यातलं फारसं काही चित्रपटात येत नाही. तो क्षण वापरला जातो तो प्रामुख्याने तरंगत केलेल्या गोळीबारासाठी. शैलीने कथेला इतकं आयतं हातात दिलं आणि कथेनेच ते घेतलं नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्या लिफ्टचं विज्ञान बरोबर आहे का?

आयुका ही खगोलशास्त्राची संस्था ज्या गावात आहे, तिथे हा प्रश्न येणारच. नाही.

पृथ्वीतून आरपार बोगदा काढून त्यात डबा नुसता सोडून दिला, तर घनता सगळीकडे सारखी धरून पलीकडे पोचायला सुमारे ४२ मिनिटं लागतात. चित्रपटात १७ मिनिटं सांगितली आहेत. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर. अर्धं अंतर वेग वाढवत आणि अर्धं कमी करत गेलं तरी सरासरी ५ जीच्या आसपास, म्हणजे जमिनीवरच्या गुरुत्वाच्या पाचपट त्वरण लागतं. म्हणजे डबा आपल्यापेक्षा जोरात खाली जाणार आणि प्रवासी पहिला अर्धा प्रवास छताला चिकटून करणार. शिवाय डबा मोकळा पडत असेल तर वजनहीनता पूर्ण प्रवासभर असते, केवळ मध्यावर नाही. पृथ्वीच्या गाभ्यातलं तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्या घरात आहे, ते तर सोडूनच देऊ.

पण यामुळे चित्रपट पडला असं कुणी म्हणालं तर मी सहमत नाही. १९९०च्या चित्रपटात काही मिनिटांत मंगळावर श्वास घेण्याजोगी हवा तयार होते, तेव्हा आपण टाळ्याच वाजवतो.

शैली आणि कथा खरंच वेगवेगळ्या काढता येतात का?

वाद घालण्यापुरत्या येतात. पुण्यातल्या माणसाला हे परदेशी उदाहरणाने समजवायची गरज नाही. १९७२मध्ये इथेच प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. त्यात ओळीने उभ्या ब्राह्मणांची भिंत आहे. ती डोलते, गाते, पडदा होते आणि मागे काय चाललंय ते झाकते. उद्या कुणी तेच संवाद घेतले, भिंत काढली आणि त्या जागी फिरता रंगमंच आणि एलईडीवरचा शनिवारवाडा आणला, तर नाटक दिसेल भव्य. पण समाज मिळून पाप झाकतो, ही गोष्ट संवादांत कमी आणि त्या भिंतीत जास्त आहे. ती गेली की उरेल पेशवाईतल्या एका कोतवालाचं चरित्र.

विज्ञानपटाचा रिमेक करणाऱ्याने आधी हे शोधायला हवं, की मूळ कलाकृतीतली अशी भिंत कोणती.

शैलीमुळे, म्हणजे निव्वळ तंत्रामुळे, रिमेक मूळापेक्षा सरस झाला असं एखादं उदाहरण?

'द थिंग'. आणि या उदाहरणावर मी हटून बसतो.

जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची मूळ दीर्घकथा १९३८ची. अंटार्क्टिकातल्या तळावर एक परका जीव सापडतो, जो कुठल्याही प्राण्याचं किंवा माणसाचं हुबेहूब रूप घेऊ शकतो. बर्फात अडकलेल्या माणसांत आता माणूस कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. १९५१मध्ये यावर पहिला चित्रपट निघाला तेव्हा रूप बदलणं गाळून टाकलं गेलं आणि परका जीव एक धिप्पाड, वनस्पतीसारख्या देहाचा माणूस झाला. चित्रपट चुरचुरीत आहे, संवाद एकमेकांवर आदळत जातात, पण कथेचा गाभाच गेला. शत्रू ओळखू येतो म्हटल्यावर एकमेकांवर संशय घ्यायचं कारण काय?

१९८२मध्ये जॉन कार्पेंटर यांनी तो पुन्हा केला. रॉब बॉटिन नावाच्या विशीतल्या पोराने रबर, जेली आणि यंत्रं वापरून अशी काही रूपांतरं उभी केली, की छाती उघडून तिचा जबडा होतो. लोकांना किळस आली, चित्रपट पडला. दोनच आठवडे आधी गोड परग्रहवासीयाचा 'ई.टी.' लागलेला होता, तेही नडलं. पण त्या किळसवाण्या कारागिरीमुळेच ४४ वर्षांपूर्वीची मूळ कल्पना पडद्यावर परत येऊ शकली. प्रत्येकाच्या रक्तात तापलेली तार बुडवायचा प्रसंग घ्या. दोरीने बांधलेली माणसं, एक तार, काचेच्या बश्यांतलं रक्त, आणि पूर्ण शांतता. तो प्रसंग तुम्हाला धरून ठेवतो, कारण शरीर काय करू शकतं हे तुम्ही आधी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

डेव्हिड क्रोननबर्ग यांचा १९८६चा 'द फ्लाय' याच जातीचा. १९५८च्या चित्रपटात माणसाच्या धडावर माशीचं डोकं येतं आणि धक्का बसतो. १९८६मध्ये माणूस हळूहळू झडत जातो, कान गळतो, दात पडतात, आणि चित्रपट असाध्य आजाराबद्दल होऊन जातो. त्याच्या रंगभूषेला ऑस्कर मिळालं, पण माझ्या मते ते पटकथेचंही बक्षीस होतं.

मूळ चित्रपटाची दृश्यं जशीच्या तशी उतरवली तर मूळाचा आत्मा राहतो ना?

'घोस्ट इन द शेल' पाहा आणि ठरवा. मामोरू ओशी यांचा ॲनिमेशनपट १९९५चा, रूपर्ट सँडर्स यांचा सजीव कलाकारांचा रिमेक २०१७चा. इमारतीवरून उडी, उथळ पाण्यातली अदृश्य मारामारी, यांत्रिक देह घडताना दिसणं, सगळं निष्ठेने उतरवलं आहे. वर शहरभर राक्षसी होलोग्राम जाहिराती आहेत.

१९९५च्या चित्रपटात मध्येच कथा थांबते आणि काही मिनिटं नुसतं शहर दिसतं: कालवे, पाट्या, पाऊस, आणि केन्जी कावाई यांचं संगीत. संवाद नाही. नायिका बोटीतून जाताना वर बघते तर खिडकीत हुबेहूब तिच्यासारखी बाई बसलेली. कोण ती, कुणी सांगत नाही. तिच्या कारखान्यात तयार झालेल्या देहाच्या आणखी प्रती आहेत, एवढी शंका येते आणि पुढचा प्रसंग सुरू होतो. शेवटी ती एका संगणकी अस्तित्वात विलीन होते, म्हणजे 'मी कोण' हा प्रश्न सुटत नाही, आणखी अवघड होतो. २०१७मध्ये या प्रश्नाला चक्क उत्तर आहे: तिचं आधीचं नाव, तिची आई, आणि गुन्हेगार असलेली कंपनी. हरवलेली मुलगी घरी सापडली. डोळे भरून येतील असा शेवट आहे, पण तो दुसऱ्याच चित्रपटाचा.

दृश्यं उतरवली की आत्मा आपोआप येतो, हा समज या चित्रपटाने माझ्यापुरता तरी संपवला.

मग मूळ शैली पूर्ण टाकून दिली तर?

चालतं, आणि कधीकधी तेच योग्य असतं. क्रिस मार्कर यांचा 'ला जेते' हा १९६२चा लघुपट फक्त २८ मिनिटांचा आहे आणि जवळजवळ पूर्णपणे स्थिरचित्रांचा. पूर्ण चित्रपटात हालचाल येते ती एकाच ठिकाणी, झोपलेली बाई डोळे उघडते तेव्हा. लहानपणी पाहिलेल्या एका मृत्यूच्या आठवणीने पछाडलेला माणूस काळात मागे पाठवला जातो, आणि शेवटी कळतं की तो मृत्यू त्याचाच होता. स्थिरचित्रं कशासाठी? कारण आठवण अशीच असते, तुकड्यांत आणि थिजलेली.

१९९५मध्ये टेरी गिलियम यांनी यावरून 'ट्वेल्व्ह मंकीज' केला. त्यांनी स्थिरचित्रांना हात लावला नाही. वाकडे कॅमेरे, भंगारातून जोडलेली यंत्रं, वेड्यांचं इस्पितळ, दोन तासांहून जास्त लांबी. दिसायला दोन्हींत काही साम्य नाही, तरी विमानतळावरचा शेवट त्याच जागी लागतो, कारण आठवणीवर विश्वास ठेवावा का ही शंका त्यांनी वेड या मार्गाने जिवंत ठेवली. मला विचाराल तर विज्ञानपटांतला हा सर्वांत प्रामाणिक रिमेक.

'सोलारिस' कुठला पाहू?

तारकोव्हस्की यांचा १९७२चा, आणि झोप पूर्ण झालेली असताना. त्यात भविष्यातलं शहर म्हणून टोकियोच्या रस्त्यांवरून कितीतरी वेळ मोटार धावत राहते. गटातले काहीजण तिथे उठून चहा टाकतात. सोडरबर्ग यांचा २००२चा सुमारे ९९ मिनिटांचा, निळसर, नेटका आणि दुःखी आहे. माझ्या मते त्याला उगाच नावं ठेवली गेली. मूळ कादंबरीकार स्टानिस्लाव लेम यांना दोन्ही पटले नाहीत. त्यांना सोलारिस ग्रहावरचा, माणसाला कधीच न उमगणारा सजीव महासागर हवा होता, दोन्ही दिग्दर्शकांनी माणसाचं मन घेतलं.

'ड्यून' रिमेक म्हणायचा का?

नको. १९८४चा डेव्हिड लिंच यांचा आणि २०२१चा डेनी व्हिलनव्ह यांचा, दोन्ही एकाच कादंबरीतून स्वतंत्र निघालेले आहेत. तरी शेजारी ठेवून पाहा. लिंच यांच्याकडे पात्रांचे विचार कुजबुजत ऐकू येतात, कारण अख्खी कादंबरी एका चित्रपटात कोंबायची होती. व्हिलनव्ह यांनी पहिल्या भागात साधारण अर्धीच घेतली, त्यामुळे त्यांना गप्प बसणं परवडलं. २०२१च्या चित्रपटाला सहा ऑस्कर मिळाली, त्यात छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि दृश्यपरिणाम होते, पटकथा नव्हती. यावरून गटात एकदा बरीच रात्र झाली.

जुनं ते सोनं, असंच ना शेवटी?

मुळीच नाही. वर कौतुक केलेले 'द थिंग' आणि 'द फ्लाय' हे स्वतःच रिमेक आहेत. आणि १९९०च्या 'टोटल रिकॉल'मध्ये हवेअभावी फुगणारे चेहरे आज रबरी दिसतात, हिंसा नको इतकी आहे, बायकांच्या पात्रांना फारसं काही करायला नाही. तरुणपणी राहुल टॉकीजला इंग्रजी चित्रपट पाहिलेली मंडळी हे ऐकून घेत नाहीत. त्यांना पडद्याबरोबर स्वतःचं वयही आठवत असतं, त्याला इलाज नाही.

या सगळ्याचा पुण्याशी काय संबंध?

लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआयच्या फाटकापाशी उभे राहा. ही प्रभात फिल्म कंपनीची जागा. कंपनी १९२९मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३मध्ये पुण्याला आली. इथे आल्यावर शांतारामबापूंनी केलेल्या 'अमृतमंथन'मध्ये, १९३४ साली, राजगुरूचा एक डोळा पडदाभर येतो. जर्मन चित्रपटांतल्या गडद छायाप्रकाशाचा संस्कार त्यात स्पष्ट दिसतो, आणि त्याच परंपरेतून विज्ञानपटांचं पहिलं मोठं शहर, फ्रिट्झ लांग यांचं 'मेट्रोपोलिस', १९२७मध्ये आलं होतं. तो डोळा शोभेचा नाही. धर्माच्या नावाने सत्ता गाजवणाऱ्याची नजर तुमच्यावर आहे, हे तो एका शब्दाविना सांगतो.

मराठीत असे विज्ञानपट का होत नाहीत? पैसा नाही म्हणून?

पैसा हे अर्धंच कारण. स्थिरचित्रांवर केलेल्या २८ मिनिटांचं उदाहरण वर दिलंच आहे. कथांचा तर तुटवडाच नाही. जयंत नारळीकर यांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली, तेव्हापासून मराठी विज्ञानकथेला चांगले दिवस आले. पण आपल्याकडे विज्ञानपट म्हटलं की पहिला प्रश्न 'व्हीएफएक्स कोण करणार' हा येतो. 'प्रेक्षकाच्या मनात शंका कुठली सोडायची' हा प्रश्न बैठकीत कुणी विचारत असेल, तर मला त्या बैठकीला बसायला आवडेल.

तुलना करताना नेमकं काय बघायचं?

अख्खा चित्रपट नको, दोन्हींतला एकच समान प्रसंग घ्या. आधी आवाज बंद करून पाहा, मग चित्राकडे पाठ करून फक्त ऐका. चित्र बंद असताना सगळंच कळत असेल, तर शैली तिथे सजावट म्हणून उभी आहे. आवाज बंद असतानाही कोण कुणाला घाबरतंय हे कळत असेल, तर ती काम करते आहे. मग एक वस्तू पकडा: घाम, तार, खिडकीतली बाई. रिमेकमध्ये तिच्या जागी काय आलं आणि त्यामुळे पात्राच्या निर्णयात काय फरक पडला, ते शोधा. 'मस्त आहे' आणि 'बकवास आहे' या दोन शब्दांवर आमच्याकडे बंदी आहे.

मोबाईलवर पाहिलं तर चालेल?

गोष्ट कळेल. शैलीवर मत देऊ नका.

मुलांना आणू का?

'टोटल रिकॉल', 'द थिंग' आणि 'द फ्लाय'ला नको, मूळ असो वा रिमेक. 'ला जेते'ला दहावीच्या पुढची मुलं जरूर आणा. मात्र पाहून झाल्यावर त्यांना लगेच अर्थ समजावून सांगायला जाऊ नका, त्यांना आधी बोलू द्या. पालकांनी मागच्या रांगेत बसायचं.